‘सहा महिने थांबा’ म्हणजे नेमकं काय करा?

*वाचक लिहितात:* मी ४१ वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी खोकला लांबला म्हणून छातीचा सीटी स्कॅन केला. खोकला गेला, पण उजव्या फुप्फुसात ७ मिलिमीटरची एक गाठ दिसली. रिपोर्टमध्ये ‘नोड्यूल’ असं लिहिलंय. मी कधी धूम्रपान केलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही करायचं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. मी विचारलं, ‘कॅन्सर नाही ना?’ ते म्हणाले, ‘वाटत नाही, पण बघू.’ त्या ‘पण बघू’ने माझी झोप उडाली आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर वाचत बसते. नवऱ्याला रोज विचारते, ‘काही नाही ना होणार?’ तो रोज ‘नाही’ म्हणतो, आता चिडायलाही लागलाय. परवा अकरा वर्षांच्या मुलीने मला रडताना पाहिलं. तिला काय सांगू? अजून चार महिने आहेत. ते कसे काढू?
— मध्येच अडकलेली

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. का, ते पुढे सांगते.

‘मी फारच करते का?’ हा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण पत्रात तो जागोजागी आहे. म्हणून आधी त्याच्याबद्दल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ४५ जणांवर केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकाच्या पडद्यावर दगड दिसायचे. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखणारा झटका बसायचा. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून लोकांचा ताण मोजला जात होता. सगळ्यात जास्त ताण कधी आला? झटका बसणार हे नक्की माहीत होतं तेव्हा नाही. बसेल की नाही याची शक्यता अगदी निम्मी-निम्मी होती, तेव्हा. वाईट बातमी पक्की असली तर माणूस तिच्यासाठी स्वतःला बांधून घेतो. अधांतरी असताना शरीराला उभंही राहता येत नाही आणि बसताही येत नाही. तुमचं तेच झालंय. यात मनाचा दुबळेपणा नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. ‘कॅन्सर नाही ना?’ हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना विचारला, नवऱ्याला विचारता, रात्री मोबाइललाही विचारता. त्याचं उत्तर आज यांच्यापैकी कुणाकडेच नाही. डॉक्टर काही लपवत नाहीत. ते उत्तर अजून तयारच झालेलं नाही, आणि ते कसं तयार होतं हे तुम्हाला कुणीतरी नीट बसून सांगायला हवं होतं.

गाठ ही साधारण गोळ्यासारखी असते. तिचं आकारमान दुप्पट झालं तरी व्यास फक्त २६ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे तुमची ७ मिलिमीटरची गाठ दुप्पट झाली तरी स्कॅनवर ती ८.८ मिलिमीटरच्या आसपास दिसेल. दोन मिलिमीटरही फरक नाही! आणि त्याहून कमी फरक मोजमापातल्या चुकीमुळेही पडू शकतो. कर्करोगाची घन, म्हणजे पूर्ण भरीव, गाठ असेल, तर तिला दुप्पट व्हायला साधारण १०० ते ४०० दिवस लागतात. समजा, तुम्ही हट्टाने पुढच्या आठवड्यात पुन्हा स्कॅन करून घेतला. रिपोर्टमध्ये ‘बदल नाही’ असं येईल आणि त्यातून काहीही सिद्ध होणार नाही. गाठ एवढी लहान असताना तिच्यात सुई नेमकी नेणं अवघड असतं, शिवाय सुईमुळे फुप्फुसाभोवती हवा शिरण्याचा धोका असतो तो वेगळाच. म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात. हे सहा महिने म्हणजे तपासणीला झालेला उशीर नव्हे. ते सहा महिने हीच तुमची तपासणी आहे आणि ती आत्ता, तुम्ही हे वाचत असतानाही, चालू आहे.

डॉक्टरांनी हा आकडा वाऱ्यावर सांगितलेला नाही, हेही तुम्हाला माहीत असावं. फुप्फुसातल्या अशा अचानक सापडलेल्या गाठींचं काय करायचं, याबद्दल फ्लाइश्नर सोसायटी या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये सुधारित शिफारशी दिल्या. ३५ वर्षांवरच्या, आधी कर्करोग नसलेल्या, प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या माणसाला ६ ते ८ मिलिमीटरची एकच घन गाठ असेल, तर पुढचा स्कॅन ६ ते १२ महिन्यांनी करावा, असं त्यांत आहे. तुमच्या डॉक्टरांनी त्यातली सगळ्यांत कमी मुदत धरली आहे.

माझ्या गळ्यात, थायरॉइडमध्ये, एक गाठ आहे. सापडली तेव्हा मलाही ‘वर्षाने पुन्हा सोनोग्राफी करू’ असं सांगितलं होतं. मी आरशासमोर उभी राहून आवंढा गिळायची आणि गाठ वर-खाली होताना बघत राहायची. दिवसातून वीस वेळा तरी. शेवटी तिथली कातडी लाल झाली, इतकं मी तिथे चाचपत होते. त्या दिवसांत उशाशी एक छोटी वही ठेवली होती. रात्री जो प्रश्न छळेल तो तिच्यात लिहायचा, एवढंच ठरवलं होतं. सकाळी वाचलं, तर प्रश्न तसेच पडलेले. मग एकदा मी प्रत्येक प्रश्नापुढे त्याचा पत्ता लिहायला सुरुवात केली. म्हणजे याचं उत्तर राहतं कुठे?

ते पान अजून माझ्याकडे आहे. ‘ही वाढतेय का?’ याच्यापुढे लिहिलंय, ‘तारीख’. ‘आवाज बसला तर लगेच दाखवायचं का?’ पुढे ‘डॉक्टर’. ‘माझ्याच वाट्याला का?’ पुढे ‘कोणीच नाही’. आणि ‘आईला सांगू का?’ याच्यापुढे, बराच वेळ पेन हातात धरून बसल्यावर, ‘मी’.

त्या पानावर मला पहिल्यांदा दिसलं, की ‘तारीख’ असा पत्ता असलेल्या एकाच प्रश्नाचं दार मी रोज ठोठावत होते. ते दार त्या तारखेआधी उघडणार नव्हतं. आणि ज्यांची उत्तरं अगदी हाताशी होती, ते ‘डॉक्टर’ आणि ‘मी’ असे पत्ते असलेले प्रश्न तसेच पडून होते.

तुमच्या पत्रात ‘डॉक्टर’ असा पत्ता असलेला एकही प्रश्न मला सापडला नाही. म्हणून पुन्हा भेटीची वेळ घ्या. घाबरून धावत जाऊ नका, कागदावर लिहून घेऊन जा. तुमच्या जागी मी काय विचारलं असतं ते सांगते. गाठ पूर्ण घन आहे की काचेवर वाफ धरल्यासारखी धूसर? ग्राउंड ग्लास म्हणतात ती. धूसर गाठीचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून हे विचारायचं. कडा गुळगुळीत आहेत की काटेरी? गाठ फुप्फुसाच्या वरच्या भागात आहे की खालच्या? माझं वय, धूम्रपान नसणं, घरातला आजारांचा इतिहास हे सगळं धरून तुम्ही मला कमी धोक्यात मोजता की जास्त? पुढच्या स्कॅनमध्ये काय दिसलं तर तुम्ही ‘ठीक’ म्हणाल आणि काय दिसलं तर पुढचं पाऊल उचलाल? ते पाऊल कोणतं? आणि सहा महिने व्हायच्या आत मी तुमच्याकडे यावं असं कोणतं लक्षण आहे? खोकल्यातून रक्त पडणं, कारण नसताना वजन उतरणं, पुन्हा खोकला सुरू होऊन न थांबणं, याबद्दल त्यांच्याकडून स्पष्ट ऐकून घ्या. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. काय झालं तर हालचाल करायची हे एकदा कळलं, की बाकीच्या दिवसांत अंगावर सतत पहारा ठेवायची गरज उरत नाही.

आणखी एक प्रश्न आहे, तो बहुतेक जण विचारायचंच विसरतात. जुना स्कॅन आहे का? चार वर्षांपूर्वी काही वेगळ्याच कारणाने छातीचा सीटी झाला असेल. अगदी पोटाचा झाला असेल तरी चालेल, कारण पोटाच्या स्कॅनमध्ये फुप्फुसाचा खालचा भाग येतो. घरातली कपाटं, फायली, जुन्या सीडी शोधा. घन गाठ दोन वर्षांपूर्वी तेवढीच होती असं दिसलं, तर ती बहुधा निरुपद्रवीच मानतात. चार महिने ज्याची वाट बघायची ते उत्तर कदाचित तुमच्याच कपाटात पडलेलं असेल. नसेलही. पण शोधण्यासारखी ही एक खरी जागा आहे, रात्री दोनच्या मोबाइलपेक्षा कितीतरी खरी. आणि पुढचा स्कॅन जमलं तर त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने, पातळ स्लाइसचा (पातळ थरांत चित्रं घेणारा) आणि लो-डोस (कमी किरणांचा) करता येईल का, हे आधीच विचारून ठेवा. जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, पहिल्या स्कॅनची सीडी न्या. तुलना चित्रांची होते, शब्दांची नाही.

मोबाइलबद्दल. वाचू नका असं मी म्हणणार नाही, मलाही ते कधी जमलेलं नाही. पण तुम्ही काय शोधता ते बघा. ‘फुप्फुसातली गाठ म्हणजे काय असू शकतं’ असं शोधलं, की जगात जे जे असू शकतं ते सगळं समोर येतं आणि नजर सगळ्यांत भयंकर शब्दावर जाऊन थांबते. त्याऐवजी ‘अशा गाठी सापडलेल्या शंभर जणांपैकी कितींना कर्करोग निघाला, आणि ते शंभर जण कोण होते?’ असं विचारा. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक लोकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. हे सगळे ५५ ते ७४ वयाचे आणि वर्षानुवर्षं भरपूर धूम्रपान केलेले, म्हणजे जास्त धोक्यातले लोक होते. त्यांच्यातही लो-डोस स्कॅनवर जे संशयास्पद निघालं, त्यातल्या ९६ टक्क्यांहून जास्त वेळा तो कर्करोग नव्हता. जुन्या संसर्गाचे व्रण, क्षयाच्या खुणा, लहान लसीका ग्रंथी असं बरंच काही स्कॅनवर गाठीसारखं दिसतं. हा आकडा तुमचा स्वतःचा नाही. तुमचा आकडा तुमचे डॉक्टरच सांगतील. पण ‘ते शंभर जण कोण होते’ हे विचारायची सवय ठेवा, आकडा धीराचा असो की भीतीचा.

या सवयीने एका माणसाला किती आधार दिला हे मी कधी विसरत नाही. जीवाश्मांचे अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये, वयाच्या चाळिशीत, पोटातल्या आवरणाचा एक दुर्मीळ कर्करोग झाल्याचं कळलं. तुमचं तसं काही निदान झालेलं नाही, हे आधी लक्षात घ्या. मी त्यांची गोष्ट सांगतेय ती त्यांनी विचारलेल्या प्रश्नासाठी. ते ग्रंथालयात गेले, वाचलं, तर या रोगात निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने असा आकडा समोर आला. कुणीही याचा अर्थ ‘मला आठ महिने उरले’ असाच घेतला असता. गूल्ड यांचा आकडेवारीशी रोजचा संबंध होता. त्यांनी विचारलं, मध्यक आठ म्हणजे अर्धे लोक त्याहून जास्त जगले. मग ते किती जगले? आलेखाची उजवीकडची शेपटी किती लांब आहे? आणि माझं वय, रोग कोणत्या टप्प्यात सापडला ते, उपचार हे सगळं बघता मी त्या आलेखात कुठे बसतो? शेपटी खूप लांब निघाली. पुढे त्यांनी हे स्वतःच लिहिलं. निदानानंतर ते वीस वर्षं जगले आणि २००२ मध्ये वेगळ्याच कर्करोगाने गेले. प्रश्नाने त्यांचा रोग बरा केला नाही, तो उपचारांनी आटोक्यात आला. पण ग्रंथालयातल्या त्या दुपारी, अजून काहीच ठरलेलं नसताना, त्यांना उभं राहायला जागा मिळाली ती त्या प्रश्नामुळे.

रात्रीसाठी एक साधी गोष्ट करून बघा. थॉमस बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ती मांडली. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास काळजी करायची, मनापासून. इतर वेळी काळजी आली की तिला ती वेळ सांगायची. वेळ संध्याकाळची ठेवा, झोपायच्या आधीची नको. खुर्ची ठरलेली असू द्या आणि ती पलंगाजवळ नको. सुरुवातीचे काही दिवस हे खोटं-खोटं वाटेल. मला दहा-बारा दिवस लागले. आणि तरीही झोप येईना, खाणं सुटलं, कामावर मन लागेना असं झालं, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यासाठी स्कॅनच्या निकालाची वाट बघू नका.

मुलीबद्दल. अकरा वर्षांच्या मुलीने आईला रडताना पाहिलंय, म्हणजे तिच्याकडेही आता ‘पण बघू’ आहे, आणि तुमच्यासारखं कुणाला विचारायची तिची हिंमत नाही. तिला आधी विचारा, ‘तू काय पाहिलंस? तुला काय वाटलं?’ मुलं बहुतेक वेळा असं काही कल्पून बसलेली असतात, की ते आपल्या मनातही येत नाही. मी विचारलेलं एक मूल तर आई आपल्या मार्कांमुळे रडते असं धरून बसलं होतं. तिचं ऐकून झालं की जे माहीत आहे ते आणि जे माहीत नाही ते, दोन्ही सांगा: ‘डॉक्टरांना माझ्या छातीत एक लहानशी गाठ दिसली. अशा गाठी बहुतेक वेळा साध्या असतात. ही साधीच आहे का, ते अजून कळलेलं नाही. अमक्या महिन्यात पुन्हा फोटो काढणार आहेत. कळलं की तुला सांगेन.’ शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, आणि ते पाळायचं. ‘काही नाही गं, डोळ्यात कचरा गेला’ असं तिला सांगू नका. तिला ते पटणार नाही, आणि पुढे तुम्ही खरं सांगाल तेव्हाही ती शंकेने बघेल.

आणि नवरा. तुम्ही त्याला विचारता, ‘काही नाही ना होणार?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. त्याने ‘नाही’ म्हटलं की तुम्हाला तासभर बरं वाटतं, मग ते विरतं आणि तुम्ही पुन्हा विचारता. त्याला मात्र एकदाही स्वतःचं काही बोलता येत नाही. माझ्या घरीही अगदी असंच चाललं होतं. माझा नवरा ‘काही होत नाही’ म्हणून पेपरात डोकं घालायचा आणि मला वाटायचं, याला पर्वाच नाही. एकदा मी प्रश्न बदलला. म्हटलं, ‘तुला भीती वाटते का?’ तो बराच वेळ गप्प बसला. मग उठला आणि टेबलाच्या खणातून घडी घातलेला एक कागद घेऊन आला. त्यावर माझ्या सोनोग्राफीची तारीख होती, दोन डॉक्टरांचे नंबर, विम्याच्या पॉलिसीचा क्रमांक, माझा रक्तगट आणि मला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते. घडीवर कागद फाटत आला होता, इतक्या वेळा त्याने तो उघडला होता. ‘काही होत नाही’ म्हणणारा माणूस पाच महिने हे करत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तुमच्या नवऱ्याकडे असा कागद असेलच असं नाही. पण त्याच्या चिडण्यामागे काय आहे ते एकदा विचारा. आणि ‘काही नाही ना’ असं विचारावंसं वाटेल तेव्हा त्याऐवजी ‘आज माझ्याजवळ बसशील का?’ असं विचारून बघा. याचं उत्तर त्याच्याकडे आहे.

एक गोष्ट सांगायची राहते, आणि ती तुम्हाला आवडणार नाही. चार महिन्यांनी सगळं संपेल असं मनात धरू नका. पुढच्या स्कॅनमध्ये बदल दिसला नाही, तर डॉक्टर कदाचित दीड-दोन वर्षांच्या टप्प्यावर आणखी एक स्कॅन करायला सांगतील. घन गाठीचा दोन वर्षांचा हिशेब पूर्ण करायची ती रीतच आहे. त्याचा अर्थ नवीन काही वाईट सापडलं असा होत नाही. हे आज सांगितलं नसतं, तर त्या दिवशी ‘बदल नाही’ हे चांगलं वाक्य तुमच्या कानावर पडलंच नसतं, तुम्ही फक्त ‘पुन्हा या’ एवढंच ऐकलं असतं.

माझी गाठ आजही आहे. दर वर्षी सोनोग्राफी असते. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी चिडचिडी होते, घरातल्यांना ते माहीत आहे, आणि तो आठवडा ते मला सांभाळून घेतात. बाकीच्या एक्कावन्न आठवड्यांत आरशासमोर उभी राहते ती केस विंचरायला.

वही आणा. भेटीची वेळ घ्या, कपाटं शोधा. आणि स्कॅन झाला की मला लिहा. रिपोर्टमध्ये ‘पुन्हा बघू’ आलं तरी लिहा.

तुमची,
सदरलेखिका